दादर स्थानक : बडोदेकर प्रवाशांसाठी माहिती

दादर हे मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील गाडी बदलण्याचे प्रमुख स्थानक आहे. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांच्या लोकल तसेच लांब पल्ल्याच्या गाड्या येथे थांबतात. बडोद्यातील आपल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांचा दादरशी संबंध येतोच. कोणाचे माहेर डोंबिवलीला, कोणाची मुले ठाण्याला, कोणाचे मूळ गाव रत्नागिरी किंवा सावंतवाडीकडे, तर कोणी उपचारासाठी परळच्या रुग्णालयात जात असतो. या सर्वांना पश्चिम रेल्वेने येऊन दादरला उतरावे लागते आणि पुढे दुसरी वाट धरावी लागते.

गुजरातीत आणि जुन्या मराठीतही दादर म्हणजे जिना. या स्थानकात आल्यावर त्याचा अनुभव लगेच येतो, कारण जिना चढल्याशिवाय येथे गाडी बदलता येत नाही. सामान, लहान मुले आणि वयस्कर माणसे सोबत असली की हा जिना कोणता आणि तो कुठे उतरतो, हे आधी माहीत असणे गरजेचे ठरते. मंडळाच्या कार्यालयात याविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून ही माहिती येथे एकत्र दिली आहे.

एक नाव, दोन स्थानके

दादरविषयी पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की, दादर हे एक स्थानक नसून शेजारी शेजारी असलेली दोन स्थानके आहेत. पश्चिमेकडचे स्थानक पश्चिम रेल्वेचे आणि पूर्वेकडचे मध्य रेल्वेचे. दोहोंमध्ये भिंत नाही, वरून जाणारे पादचारी पूल दोघांनाही जोडतात. त्यामुळे नव्या माणसाला आपण एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेच्या हद्दीत गेलो हे कळतही नाही.

याचे कारण इतिहासात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली, ती जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची. दुसरी कंपनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी ती बीबीसीआय होती. या कंपनीने काम सुरतेकडून सुरू केले. रेल्वे बडोद्याला १८६१ मध्ये पोहोचली आणि १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत गेली. म्हणजे ज्या कंपनीच्या नावातच आपले शहर होते, तिचे रूळ मुंबईत शिरताना दादरजवळ दुसऱ्या कंपनीच्या रुळांशेजारी आले. दोन कंपन्या, दोन व्यवस्थापने, दोन हिशेब, म्हणून स्थानकेही दोन.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीपासून मध्य रेल्वे आणि बीबीसीआयपासून पश्चिम रेल्वे हे विभाग झाले. मालक सरकार झाले, तरी दोन्ही रेल्वेंचा कारभार वेगळाच राहिला. आजही तिकीट आरक्षित करताना दोन वेगळी नावे दिसतात. मध्य रेल्वेच्या दादरचा संकेत ‘डीआर’ आहे आणि पश्चिम रेल्वेच्या दादरचा ‘डीडीआर’. बडोद्याला येणारी-जाणारी गाडी शोधताना ‘दादर वेस्टर्न’ म्हणजे डीडीआर निवडावे. कोकण, पुणे किंवा बेळगावकडची गाडी हवी असल्यास नुसते ‘दादर’ म्हणजे डीआर. गाडीच सापडत नाही, अशी जी तक्रार होते तिचे मूळ अनेकदा या दोन संकेतांच्या गल्लतीत असते.

फलाटांचे नवे क्रमांक

पूर्वी दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापले एकपासून मोजले जात. म्हणजे दादरला ‘तीन नंबर’ दोन होते, ‘पाच नंबर’ दोन होते. ९ डिसेंबर २०२३ पासून ही पद्धत बदलली. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ हे क्रमांक तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना पुढचे ८ ते १४ हे क्रमांक मिळाले.

मध्य रेल्वेचा जुना १ क्रमांकाचा फलाट आता ८ झाला. जुना २ क्रमांकाचा फलाट शेजारचा फलाट रुंद करण्यासाठी आधीच बंद केला होता, त्यामुळे त्याला नवा क्रमांक नाही. जुना ३ आता ९, ४ आता १०, ५ आता ११, ६ आता १२, ७ आता १३ आणि जुना ८ आता १४. थोडक्यात, जुन्या तीनपासून पुढच्या प्रत्येक क्रमांकात सहा मिळवायचे.

लक्षात ठेवण्याची सोपी खूण अशी : मोजणी समुद्राकडून सुरू होते. १ क्रमांकाचा फलाट सर्वांत पश्चिमेला, फूलबाजाराच्या बाजूला. १४ क्रमांकाचा सर्वांत पूर्वेला, स्वामिनारायण मंदिराच्या बाजूला. सातपर्यंत आपली पश्चिम रेल्वे, आठपासून मध्य रेल्वे.

मुंबईतील नातेवाइकांनी वर्षानुवर्षे सांगितलेले क्रमांक आपल्या घरातील ज्येष्ठांच्या डोक्यात पक्के बसलेले आहेत. ‘सेंट्रलच्या पाचवर उभी राहा’ ही सूचना आज दिली तर माणूस पश्चिम रेल्वेच्या पाचवर जाऊन उभा राहील. जुन्या डायरीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवलेले क्रमांक एकदा तपासून घ्यावेत.

एका चिठ्ठीची गोष्ट

ही माहिती लिहिण्याची गरज आम्हांला का वाटली, तेही सांगितले पाहिजे. क्रमांक बदलण्यापूर्वीची गोष्ट आहे. मंडळातील एक कुटुंब परळला उपचार घेऊन बडोद्याला परतणार होते. रुग्ण आमच्याच वयाचे, औषधांनी थकलेले. सोबत पत्नी आणि पहिल्यांदाच मुंबईला गेलेला पुतण्या. आम्ही त्यांना जाण्यापूर्वी एका कागदावर सगळे लिहून दिले होते : गाडीचे नाव, वेळ, डबा, आणि ‘दादर, सहा नंबर’.

ते वेळेच्या तासभर आधी दादरला पोहोचले. टॅक्सीने त्यांना पूर्वेला सोडले. समोर आलेल्या पुलावरून ते सहा क्रमांकावर उतरले आणि बसून राहिले. तो सहा क्रमांक मध्य रेल्वेचा होता. गाडीची वेळ दहा मिनिटांवर आली तेव्हा पुतण्याने शेजारच्या प्रवाशाला विचारले आणि घोटाळा लक्षात आला. ज्यांना दोन जिने चढायला अर्धा तास लागत होता, त्यांना घेऊन दहा मिनिटांत पूल ओलांडणे शक्य नव्हते. गाडी गेली. रात्र स्थानकावर काढून दुसऱ्या दिवशी ते मिळेल त्या गाडीने आले.

चूक आमची होती. कागदावर एक शब्द कमी होता : ‘वेस्टर्न’. बँकेत आयुष्य गेले, अपुरे भरलेले व्हाउचर आम्ही कधी पास केले नाही, आणि येथे मात्र अपुरी चिठ्ठी हातात देऊन मोकळे झालो. नव्या क्रमांकांमुळे आता ही विशिष्ट चूक होणार नाही. पण दादरला चुकण्याच्या आणखी वाटा आहेत. पुढील माहिती त्या दृष्टीने दिली आहे.

बडोद्याहून येताना आणि परतताना

बडोद्याहून मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी दादरला थांबत नाही. वंदे भारत आणि शताब्दी या मुंबई सेंट्रलच्या गाड्या बोरिवलीला थांबतात, दादरला नाही. अशा गाडीने जाणाऱ्यांनी मुंबई सेंट्रलला उतरून तेथून दादरची लोकल धरावी किंवा बोरिवलीला उतरून फास्ट लोकलने दादरला यावे. सामान जास्त असल्यास मुंबई सेंट्रल बरे, कारण तेथे गाडीचा शेवटचा थांबा असल्याने उतरायला सवड मिळते.

काही गाड्या मात्र थेट दादर वेस्टर्नहून सुटतात आणि तेथेच संपतात. एकता नगर (केवडिया) येथे जाणारी एक्स्प्रेस आपल्याला सोयीची. ती दादरहून रात्री उशिरा निघते आणि रात्रभराच्या प्रवासात बडोद्याला पोहोचवते. पूर्वी हीच गाडी वडोदरा एक्स्प्रेस म्हणून आपल्या शहरापर्यंत धावत असे, २०२१ पासून ती केवडियापर्यंत जाते. दुसरी दादर-भुज सयाजीनगरी एक्स्प्रेस, जिच्या नावात श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नगर आहे. अजमेर आणि बिकानेरकडे जाणाऱ्या काही गाड्याही दादरहून सुटतात. दादरहून सुटणाऱ्या गाडीचा फायदा असा की ती फलाटावर आधी लागते आणि वयस्कर माणसाला सावकाश चढता येते.

परतीच्या वेळी फलाट क्रमांक घरून गृहीत धरू नये. इंडिकेटर पाहावा, घोषणा ऐकावी आणि फलाटावर उतरण्यापूर्वी पुलावरच खात्री करावी. एकदा फलाटावर उतरून पुन्हा वर चढणे हीच दादरमधील सर्वांत मोठी दमछाक आहे.

मध्य रेल्वेच्या गाड्या

दादरला गाडी बदलून कोकणात जाणारी कुटुंबे आपल्यात बरीच आहेत. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सुरू झाला. त्यापूर्वी सावंतवाडीला जायचे म्हणजे एसटीचा रात्रभराचा प्रवास होता. दादरहून सावंतवाडी रोडला जाणारी तुतारी एक्स्प्रेस कवी केशवसुतांच्या कवितेवरून नाव घेतलेली आहे. याशिवाय मुंबई सीएसएमटीहून मडगावला जाणाऱ्या कोकणकन्या, मांडवी आणि जनशताब्दी या गाड्या दादरला थांबतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हे जून ते ऑक्टोबरच्या प्रवासात ध्यानात ठेवावे.

पुण्याकडे जाणाऱ्या इंद्रायणी, डेक्कन एक्स्प्रेस इत्यादी गाड्याही दादरला मिळतात. बेळगावला नाते असलेल्यांनी म्हैसूर, पुदुच्चेरी आणि तिरुनेलवेलीकडे जाणाऱ्या दादरच्या गाड्या पाहाव्यात, त्या मिरज आणि बेळगावमार्गे जातात.

दोन गाड्यांमध्ये किती वेळ ठेवावा, असा प्रश्न नेहमी येतो. आमचा सल्ला : वयस्कर माणूस सोबत असल्यास निदान दोन तास. बडोद्याहून येणारी गाडी उशिरा आली तर रेल्वे कोकणची गाडी थांबवून ठेवत नाही. वेगवेगळी तिकिटे काढलेली असतील तर पुढच्या तिकिटाचे पैसेही वाया जातात.

लोकलचा प्रवास

दादरला दोन्ही रेल्वेंच्या फास्ट आणि स्लो अशा दोन्ही लोकल थांबतात. फास्ट लोकल मधली लहान स्थानके सोडून जाते. पश्चिम रेल्वेवर वांद्रे, अंधेरी, बोरिवली आणि मध्य रेल्वेवर कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे जायचे असल्यास फास्ट घ्यावी. माटुंगा, शीव, माहीम, खार, सांताक्रूझ अशा ठिकाणी जायचे असल्यास स्लो. फास्ट आणि स्लोचे फलाट वेगळे असतात, म्हणून आधी आपले स्थानक कोणत्या गाडीचे आहे ते ठरवून मगच जिना उतरावा.

हार्बर मार्ग दादरला येत नाही. वाशी, नेरूळ, पनवेल येथे जाणाऱ्यांनी मध्य रेल्वेने कुर्ल्याला जाऊन तेथे हार्बरची लोकल पकडावी.

‘अप’ आणि ‘डाउन’ हे शब्द मुंबईकर सहज वापरतात. अप म्हणजे चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणारी, डाउन म्हणजे तिकडून विरार, कल्याण वगैरे दिशेला जाणारी.

डब्यांचीही माहिती हवी. लेडीज डबे, फर्स्ट क्लास आणि दिव्यांगांचा डबा हे ठरलेल्या जागी असतात आणि फलाटावर तशा खुणा असतात. दादरला लोकल फार थोडा वेळ थांबते. त्यामुळे गाडी आल्यावर डबा शोधत धावण्यापेक्षा आधीच योग्य जागी उभे राहावे. कुटुंबातील स्त्रिया लेडीज डब्यात आणि पुरुष साध्या डब्यात असे विभागून बसणार असाल, तर कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि उतरल्यावर कोठे भेटायचे ते चढण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

एसी लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली, आता मध्य रेल्वेवरही आहेत. तिचे तिकीट वेगळे आणि महाग असते. साध्या तिकिटावर तिच्यात बसल्यास दंड होतो. दरवाजे आपोआप बंद होत असल्याने वयस्करांना ती सुरक्षित वाटते. गर्दीच्या वेळी मात्र तिलाही गर्दी असतेच.

तिकीट

बडोदे ते दादर तिकिटावर दादरच्या पुढे लोकलने जाता येत नाही. लोकलचे तिकीट स्वतंत्र काढावे लागते. पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जाणाऱ्यांना दोन तिकिटे लागत नाहीत. उदाहरणार्थ, बोरिवली ते ठाणे असे ‘व्हाया दादर’ एकच तिकीट मिळते. लोकलचे एकेरी तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, म्हणून बरेच आधी काढून ठेवू नये.

खिडकीवर रांग असते. एटीव्हीएम यंत्रांवर तिकीट लवकर मिळते आणि तेथे मदतीला बहुधा माणूसही असतो. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्यांसाठी रेल्वेने १ जुलै २०२५ रोजी रेलवन हे अॅप आणले आहे. बडोद्यातूनच ते फोनवर घेऊन नोंदणी करून ठेवावी, दादरच्या गर्दीत ते काम करत बसू नये. फक्त घ्यायला किंवा पोहोचवायला आलेल्यांनी फलाट तिकीट काढावे. लोकल स्थानकात कोण विचारतो, असे समजून गेलेले आमचे एक सभासद दंड भरून परतले आहेत.

पूर्व की पश्चिम

दादरला कोणत्या बाजूला बाहेर पडायचे, हा फलाटाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. चुकीच्या बाजूला उतरलेल्या माणसाला पुन्हा पूल चढावा लागतो किंवा टॅक्सीने मोठा वळसा घ्यावा लागतो.

पश्चिमेला : फूलबाजार, रानडे रोडची बाजारपेठ, शिवाजी मंदिर नाट्यगृह (१९६५ पासून), छबिलदास शाळा, शिवाजी पार्क, चैत्यभूमी, प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर आणि माहीमकडची रुग्णालये.

पूर्वेला : स्वामिनारायण मंदिर, हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे राजगृह, १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, हिंदमाता आणि परळची टाटा व केईएम रुग्णालये. पुण्याच्या एसटी बसही पूर्वेला दादर टीटीजवळ मिळतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, नाव मात्र राहिले.

बडोद्याच्या माणसाला एक गोष्ट खटकते ती म्हणजे दादरला रिक्षा मिळत नाही. मुंबईत रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढेच चालतात. दादरला काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा मोबाइलवरून मागवलेली गाडी हेच पर्याय आहेत.

विमानतळावर जायचे असल्यास आता मेट्रो आहे. भुयारी मेट्रो ३ चे दादर स्थानक मे २०२५ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण मार्गावर धावते. विमानतळाची दोन्ही टर्मिनल तिच्या मार्गावर आहेत. मेट्रोचे स्थानक रेल्वे स्थानकाच्या आत नाही. पश्चिमेला बाहेर पडून थोडे चालावे लागते.

रुग्णांना घेऊन येणाऱ्यांसाठी

टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांनी दादरला पूर्वेला उतरून टॅक्सी करावी, हे उत्तम. लोकलने जायचेच असल्यास मध्य रेल्वेचे परळ किंवा पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी ही स्थानके जवळची. प्रभादेवी म्हणजे पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड, हे नाव जुलै २०१८ मध्ये बदलले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. तेथील रस्त्यावरचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद करण्यात आला. त्यामुळे पश्चिमेकडून टॅक्सीने परळ पूर्वेला जाणे आता लांबचे पडते. पूर्वेला उतरा असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवासाची मुभा आहे. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. लांब पल्ल्याच्या गाडीत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये भाड्याची पूर्ण सवलत आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने भरून दिलेला ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. परतीचे तिकीट काढण्याआधी तो रुग्णालयातूनच घ्यावा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण ही सवलत वेगळी आहे. अनेकांचा समज असा की सगळ्याच सवलती बंद झाल्या, आणि ते पूर्ण भाडे भरतात.

स्थानकावर लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. मात्र ते प्रत्येक फलाटावर, प्रत्येक टोकाला नाहीत. उतरल्यावर घाईने गर्दीमागे न जाता लिफ्टची पाटी पाहावी किंवा हमालाला विचारावे. हमालाची मजुरी आधी ठरवून घ्यावी. प्रवासात कोणतीही अडचण आल्यास रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे.

गर्दीच्या वेळा

सकाळी आठ ते अकरा चर्चगेट आणि सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकल, आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट दिशेच्या लोकल सामानासह घेऊ नयेत. सकाळी मुंबईत पोहोचणाऱ्यांनी दादरलाच चहा-नाश्ता करून अकरानंतर पुढे निघावे. आतल्या माणसांना उतरू देऊन मगच चढावे. दादरला उतरणारे लोक स्थानक येण्यापूर्वीच दाराशी येऊन उभे राहतात. आपल्यालाही दादरला उतरायचे असल्यास एक स्थानक आधी उठावे.

रविवारी देखभालीसाठी ब्लॉक घेतला जातो. त्या वेळात काही लोकल रद्द होतात, काही दुसऱ्या मार्गावरून जातात. रविवारी दुपारी लोकलने जाऊन गाडी पकडायची असल्यास आदल्या दिवशी चौकशी करावी.

६ डिसेंबर या महापरिनिर्वाण दिनी देशभरातून लाखो लोक चैत्यभूमीला येतात आणि दादर पश्चिमेला वेगळी व्यवस्था असते. बडोद्याहून जाणारेही त्यात असतात. सयाजीराव महाराजांनी ज्या तरुण भीमरावांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, त्यांच्या स्मृतीला वंदन करायला या शहराने जावे हे उचितच आहे. ज्यांना त्या दिवशी अन्य कामासाठी दादरवरून जायचे आहे, त्यांनी शक्य असल्यास आपला दिवस बदलावा. गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस कोकणच्या गाड्यांमुळे मध्य रेल्वेच्या फलाटांवर मोठी गर्दी असते.

भेटण्याची जागा आणि चिठ्ठी

‘दादरला पुलावर भेटू’ असे कधीही ठरवू नये. दादरला पूल एक नाही, आणि कोणत्याही पुलावर उभे राहू देत नाहीत. भेटण्याची जागा नेहमी स्थानकाबाहेर, बाजू सांगून ठरवावी : ‘पूर्वेला, तिकीट खिडकीबाहेर’ अशी. वयस्कर व्यक्तीच्या खिशात नाव, नातेवाइकाचा फोन आणि गाडीचा तपशील लिहिलेला कागद असावा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

त्या कागदावर गाडीचे नाव आणि वेळेखेरीज तीन गोष्टी असल्याच पाहिजेत : रेल्वे कोणती (पश्चिम की मध्य), फलाट कोणता (१ ते १४ पैकी, आणि ‘तेथे पुन्हा खात्री करावी’ अशी सूचना) आणि बाजू कोणती (पूर्व की पश्चिम). यातली एक जरी गोष्ट राहिली तरी चिठ्ठी अपुरी समजावी.

मंडळाच्या कार्यालयात अशा चिठ्ठ्यांचा छापील नमुना आता ठेवला आहे. मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या कुटुंबांना तो भरून देण्याचे काम आम्ही ज्येष्ठ सभासद आळीपाळीने करतो आणि परतीच्या दिवशी गाडी सुटेपर्यंत एकजण फोनवर उपलब्ध असतो. फलाट, गाड्या किंवा व्यवस्थेत काही बदल आपल्या पाहण्यात आल्यास कार्यालयात अवश्य कळवावे, म्हणजे नमुना आणि हा लेख दोन्ही दुरुस्त करता येतील. दादरहून नुकतेच जाऊन आलेल्या सभासदाची माहिती आमच्या आठवणीपेक्षा अधिक भरवशाची आहे.